लॉनला खतपाणी

पिकवायचे, कापायचे आणि फेकून द्यायचे, असा क्रम ठरलेले पीक म्हणजे लॉन. कांदा-टोमॅटोतही फेकून देण्याचा टप्पा अधूनमधून येतो. पण तो भाव पडल्यावर, नाइलाजाने. लॉनच्या बाबतीत तो नियोजनाचाच भाग असतो. या पिकाला बाजारभाव नाही, हमीभाव नाही, पीकविमाही नाही. तरीही त्याच्या खतावर बंगलेवाला किंवा सोसायटीची कमिटी जितकी चर्चा करते, तितकी चर्चा तीन एकर कांद्याचा मालक करत नाही. त्याला इतर कामे असतात.

महाराष्ट्रातील लॉनमध्ये प्रामुख्याने दोन घराण्यांची गवते आढळतात. पहिले हराळीचे. शेतकरी हराळीला कुदळीने खणून, उन्हात वाळवून आणि शेवटी तणनाशक फवारून शेताबाहेर काढू पाहतो, आणि ती पुढच्या पावसात परत येते. भाद्रपदात हीच वनस्पती जुड्या बांधून गणपतीच्या मस्तकी जाते. आणि तिच्याच निवडक किंवा संकरित जाती नर्सरीत चौरस फुटाच्या भावाने विकल्या जातात, त्या आणून जपून लावल्यावर आठ दिवसांत सुकतात. दुसरे घराणे झोयसियाचे, म्हणजे नर्सरीच्या भाषेत ‘मेक्सिकन’. याचा मेक्सिकोशी काही संबंध नाही, ते मूळचे आशियाकडचे. हे गवत मऊ, दाट आणि सावकाश वाढणारे असते. हराळीला जितके खत लागते, त्याच्या निम्म्यात त्याचे भागते. मालकाचे मात्र भागत नाही, कारण दर चौरस फुटाला त्याने जास्त पैसे मोजलेले असतात आणि महाग वस्तूला खाऊ घालावेसे वाटणे स्वाभाविक आहे.

गवताला मुख्यतः तीन अन्नद्रव्ये लागतात: नत्र, स्फुरद आणि पालाश. नत्राने पान वाढते आणि हिरवे होते. स्फुरदाने मुळे जोर धरतात. पालाशामुळे ऊन, पाण्याचा ताण आणि रोग सोसण्याची ताकद येते. लॉनकडून फूल, फळ, दाणा यांपैकी कशाचीच अपेक्षा नसल्याने त्याला सर्वांत जास्त भूक नत्राची असते. नवे लॉन लावताना मुळांसाठी स्फुरद द्यावे लागते. पण एकदा जम बसलेल्या लॉनला ते फारच थोडे पुरते. नत्र तीन भाग, स्फुरद एक भाग, पालाश दोन भाग, असे सर्वसाधारण प्रमाण सांगितले जाते.

खताच्या गोणीवर छापलेले आकडे याच क्रमाने वाचायचे असतात. डीएपीवर १८:४६:० असते, म्हणजे नत्र १८ टक्के, स्फुरद ४६ टक्के आणि पालाश अजिबात नाही. सुफलाची गोणी १५:१५:१५ अशी समदृष्टीची असते. युरियात नुसते नत्र, ४६ टक्के. यांतला नत्राचा आकडा सरळ असतो. स्फुरद आणि पालाश मात्र मूळ मूलद्रव्य म्हणून नव्हे, तर त्यांच्या ऑक्साइडच्या रूपात मोजलेले असतात. म्हणून डीएपीतल्या ४६ टक्क्यांत प्रत्यक्ष फॉस्फरस वीस टक्क्यांच्या आसपासच भरतो. सुपर बिल्ट-अप आणि कार्पेट एरिया यांतला फरक पचवून फ्लॅट घेतलेल्या वाचकाला हे अधिक समजावण्याची गरज नाही.

खताची निवड या आकड्यांवरून करावी, असे शास्त्र सांगते. प्रत्यक्षात ती गाडीच्या डिकीवरून होते. दिवाळीत गावाकडे गेलेली गाडी परत येताना तांदूळ, शेंगा आणि भावाच्या शेतातून उरलेली अर्धी गोणी खत घेऊन येते. भाऊ ऊस लावतो, त्यामुळे ते बहुधा १०:२६:२६ असते. उसाच्या लागणीला जे योग्य तेच बंगल्यासमोरच्या गवताला योग्य असणार, कारण ऊसही शेवटी गवतच, हा युक्तिवाद वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बिनतोड आहे. खताच्या दृष्टीने तो टिकत नाही. स्फुरद जमिनीत साठून राहते आणि लॉन जैसे थे पिवळट राहते.

गावाकडे कोणी नसेल, तर कृषी सेवा केंद्रात जावे लागते. अनुदानित खताची विक्री तिथे यंत्रावर अंगठा ठेवून होते आणि दुकानदार सवयीने विचारतो, “कुठल्या पिकाला, साहेब?”

“लॉनला.”

“म्हणजे?”

“गवत.”

दुकानदाराचा हात तणनाशकाच्या फळीकडे जातो. त्याच्या तीस वर्षांच्या व्यवसायात गवताचे नाव घेऊन आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते मारायचेच होते. गवत जगवायचे आहे, हे पटवून दिल्यावर तो युरियाची गोणी दाखवतो. गोणी ४५ किलोची, छापील किंमत सुमारे २६६ रुपये, म्हणजे किलोला सहा रुपयांच्या आत. इतक्या स्वस्तात साधी कोथिंबीरही येत नाही. ही स्वस्ताई अनुदानाची असते आणि ते अनुदान शेतीसाठी असते, हा मुद्दा बंगल्याच्या फाटकाशी सहसा कोणी काढत नाही. हंगामात टंचाई असेल, तर युरियाबरोबर एखादी वाढवर्धकाची बाटली किंवा सूक्ष्म अन्नद्रव्यांचे पाकीटही घ्यावे लागते. याला बाजारात ‘लिंकिंग’ म्हणतात. शेतकरी त्याबद्दल वर्षानुवर्षे तक्रार करतो. लॉनवाला ती बाटली कौतुकाने घरी आणतो आणि तिच्यावरचे टोमॅटोचे चित्र पाहून तिचे काय करायचे, याचा विचार पुढे ढकलतो.

ज्यांना हे नको असते, त्यांच्यासाठी नर्सरीत रंगीत पाकिटे असतात. त्यांवर विलायती बंगल्याचे, तिथल्या लॉनचे आणि एका सोनेरी कुत्र्याचे चित्र असते. आत बऱ्याचदा १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारे खत असते, जे द्राक्षबागायतदार ठिबकमधून देतो आणि ज्याचे नाव तो ‘एकोणीस-एकोणीस’ असे दोन ‘एकोणीस’वर आटोपतो. पाकिटातले खत वाईट नसते. चित्रातल्या कुत्र्याकडे मात्र पुढे वळावे लागेल.

रासायनिक खताविषयी ज्यांच्या मनात अढी असते, ते शेणखताकडे वळतात. शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का असते. हजार चौरस फुटांच्या लॉनला एका वेळी लागणारे नत्र एक किलो युरियातून, तीन किलो सुफलातून किंवा ९० किलो शेणखतातून मिळते. शेणखत ते हळूहळू देते, मातीचा पोत सुधारते, पाणी धरून ठेवते. हे त्याचे गुण खरे आहेत. अट एकच, ते पूर्ण कुजलेले हवे. कच्च्या शेणखतातून तणांचे बी येते आणि हुमणीही येते. हुमणी म्हणजे भुंगेऱ्याची पांढरी, अर्धगोल वळलेली अळी. ती जमिनीखाली राहून मुळे खाते. ऊस उत्पादक तिला चांगलेच ओळखतात. लॉनवाल्याची आणि तिची ओळख उशिरा होते, जेव्हा लॉनचा एखादा कोपरा सतरंजीसारखा हातात उचलून येतो. तत्पूर्वी काही दिवस साळुंक्या आणि बगळे त्या कोपऱ्यात चोची मारत असतात. त्यांनीच लॉन खराब केले, असा ठराव करून कमिटीने पक्षी हुसकावण्याची सोय केलेली असते.

निंबोळी पेंडेने हुमणीला थोडा आळा बसतो आणि नत्रही मिळते. तिचा वास दोन-तीन दिवस टिकतो. तळमजल्यावरचे रहिवासी तो वास नैसर्गिक शेतीचा आहे, हे समजावल्यानंतरही खिडक्या बंदच ठेवतात. जीवामृताचा मार्ग त्याहून रंगतदार आहे. विदर्भातील सुभाष पाळेकर यांनी प्रचारात आणलेल्या या द्रावणात दोनशे लिटर पाण्याला दहा किलो देशी गाईचे शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि मूठभर माती घालून ते आंबवायचे असते. शहरात गूळ आणि बेसन कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. दहा किलो शेण आणि दहा लिटर गोमूत्र यांची तजवीज करताना अनेकांचा उत्साह गूळ-बेसनापाशीच थांबतो आणि त्या सामग्रीचे दुसरे काहीतरी होते.

तिसरा पंथ स्वयंपाकघराचा. चहाचा चोथा, अंड्याची टरफले, तांदळाचे धुवण, केळ्याची साल. या गोष्टी कंपोस्टच्या खड्ड्यातून गेल्या तर उपयोगी पडतात. थेट लॉनवर टाकल्या तर लॉनवर चहाचा चोथा आणि अंड्याची टरफले दिसतात.

आता मात्रा. बागकामातले बहुतेक अपघात याच मुद्द्यावर होतात. हजार चौरस फुटांना एका वेळी एक किलो युरिया पुरतो. नवख्याने तो अर्धा-अर्धा किलो करून पंधरा दिवसांच्या अंतराने द्यावा. एक किलो युरिया हजार चौरस फुटांवर टाकल्यावर दिसतही नाही. हाच त्याचा दोष. पैसे खर्च करून टाकलेली वस्तू दिसू नये, हे मनाला पटत नाही, म्हणून आणखी एक मूठ टाकली जाते, मग कडेला आणखी एक. युरिया हा क्षार नसला तरी विरघळल्यावर तो आणि त्यापासून होणारा अमोनिया मुळांभोवती इतके दाटतात, की मुळांना पाणी ओढून घेणे जड जाते. पाने तपकिरी होतात, याला ‘खत लागणे’ नव्हे, ‘खताने जळणे’ म्हणतात. त्यावर उपाय भरपूर पाणी. काही घरी मात्र गवत जळलेले पाहून ते अशक्त झाले असे निदान होते आणि त्याला आणखी खत दिले जाते.

खत हाताने फोकताना गवत कोरडे असावे. ओल्या पात्यांना दाणे चिकटून ठिपके पडतात. खत टाकून झाले, की लगेच पाणी द्यावे, नाहीतर वर पडून राहिलेल्या युरियातले बरेचसे नत्र अमोनिया होऊन हवेत जाते. म्हणजे खताची वेळ लॉनच्या सोयीने ठरवून भागत नाही. टाकीत पाणी कधी असते, यावर ती ठरते. ज्या सोसायटीत टँकर येतो, तिथे खताचे वेळापत्रक टँकरच्या ड्रायव्हरच्या हाती असते.

फोकण्याची कला सर्वांना साधत नाही. आठवडाभराने लॉन खत टाकणाऱ्याच्या हाताचा आलेख दाखवते. तो जिथे उभा राहिला तिथे गर्द हिरवे बेट, जिथे हात पोचला नाही तिथे फिके आखात, आणि जिथे फोन आला तिथे जळका गोल. हे टाळण्यासाठी खत कोरड्या वाळूत किंवा बारीक मातीत मिसळावे, त्याचे दोन भाग करावेत, एक भाग पूर्व-पश्चिम चालत टाकावा आणि दुसरा दक्षिणोत्तर. अशाने चुका नाहीशा होत नाहीत. चौकडीच्या शर्टासारख्या व्यवस्थित होतात.

आता कुत्रा. १७७३ साली रूएल या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने मूत्रातून युरिया वेगळा केला. १८२८ साली जर्मनीच्या व्होलरने तो मूत्रपिंडाची मदत न घेता प्रयोगशाळेत तयार केला आणि रसायनशास्त्रात खळबळ उडाली. कुत्र्यांनी मात्र जुनीच पद्धत चालू ठेवली आहे. कुत्र्याच्या मूत्रात नत्रयुक्त द्रव्य आणि क्षार दोन्ही असतात. एका जागी इतकी मात्रा पडली, की मधले गवत जळते आणि भोवती, जिथे ते पातळ होऊन पोचते, तिथे गर्द हिरवे कडे उमटते. कमी खत, योग्य खत आणि जास्त खत यांचे इतके स्पष्ट प्रात्यक्षिक कोणत्याही कृषी प्रदर्शनात एका फुटाच्या जागेत पाहायला मिळत नाही. मादी एका जागी बसून मोकळी होत असल्याने तिचे डाग ठळक असतात, नर खांब, टायर आणि कुंड्या यांत वाटणी करतो. ताबडतोब भरपूर पाणी ओतले तर डाग टळतो. पण पाण्याची बादली घेऊन कुत्र्यामागे फिरणारे मालक विरळा. बहुतेक मालक त्या क्षणी आकाशाकडे पाहतात.

लॉन पिवळे पडण्याची कारणे दहा-बारा आहेत आणि त्या सर्वांवर केला जाणारा उपाय एकच आहे, युरिया. वास्तविक नत्र कमी पडले तर आधी खालची, जुनी पाने पिवळी होतात. नवी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असे दिसले तर ती लोहाची कमतरता. महाराष्ट्रातल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. त्यासाठी हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, लिटरला पाच ग्रॅम या प्रमाणात फवारतात. गवत दोन-चार दिवसांत हिरवे होते. शेजारच्या फरश्यांवरही ती फवारणी तितकीच प्रभावी ठरते. त्यांवर गंजाचे तांबडे डाग पडतात आणि ते लॉनच्या हिरवेपणापेक्षा जास्त टिकतात. याखेरीज रोज तुंबेपर्यंत पाणी, तुडवून घट्ट झालेली माती, समोर उठलेल्या अकरा मजली इमारतीची सावली, आणि मशीन फार खाली लावून केलेली कापणी, या कारणांनीही लॉन पिवळे पडते. खताने यांतले काहीच बरे होत नाही. सूर्यप्रकाशाला पर्यायी खत अजून निघालेले नाही. निघाले तर बिल्डर ते फुकट वाटतील.

माती परीक्षण हा शंका फेडण्याचा उत्तम मार्ग. ठिकठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचे खड्डे घेऊन त्यांच्या कडेची माती खरवडायची, एकत्र करायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करायचे. नमुन्यासोबत पिकाचे नाव लिहावे लागते. तिथे ‘लॉन’ लिहिल्यावर अहवाल कधी चारापिकांच्या शिफारशीसह येतो आणि कमिटीला प्रथमच कळते, की या जागेवर दुभती जनावरेही पोसता आली असती.

हंगामाचा हिशेब सोपा आहे. आपल्याकडची गवते उष्ण हवामानाची. थंडीत ती मंदावतात, तेव्हा त्यांना भरवू नये. फेब्रुवारीच्या अखेरीस पाण्याची सोय असेल तर एक हप्ता, पाऊस स्थिरावल्यावर एक आणि तो ओसरताना सप्टेंबर-ऑक्टोबरात एक. मोठा पाऊस तोंडावर असताना टाकलेले नत्र नाल्याला जाते. युरियाला २०१५ पासून कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा झाल्याने त्याचे जमिनीतले रूपांतर थोडे सावकाश होते. पण कोकणातल्या जुलैपुढे कडुनिंबाचाही इलाज चालत नाही.

लॉन हा प्रकार वेगळा आणि ‘लॉन्स’ हा वेगळा. ‘लॉन्स’ म्हणजे हमरस्त्यालगतचे विवाह मंगल कार्यालय. तिथल्या गवताला लग्नसराईत पाणीपुरीचे पाणी, जिलबीच्या कढईतले तेल, मठ्ठा, अक्षता आणि टोकदार टाचा हे सर्व मिळते. यातले एकही अन्नद्रव्य शिफारशीत नाही. टाचांनी पडणारी भोके मात्र उपयुक्त असतात. घट्ट मातीत हवा-पाणी खेळावे म्हणून काटेरी रूळ फिरवण्याची जी शिफारस आहे, ते काम वधूपक्षाकडील मंडळी विनामूल्य करतात. दोनशे पाहुण्यांच्या पायांनी माती पुन्हा तितकीच दाबली जाते, हा भाग अलाहिदा.

खत घातल्यामुळे गवत वाढते आणि वाढल्यामुळे कापावे लागते. १८३० साली इंग्लंडमध्ये स्ट्राउडजवळ एडविन बडिंगने गवत कापायचे यंत्र काढल्यापासून या चक्राला वेग आला. एका वेळी पात्याच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नये, असा नियम आहे. माळी तो पाळत नाही, कारण त्याला महिन्यातून दोनदाच बोलावले जाते. कापलेले बारीक तुकडे लॉनवरच राहू दिले, तर वर्षाच्या नत्राच्या गरजेचा चौथा हिस्सा त्यातून भागू शकतो. परंतु ते ‘कचरा’ दिसत असल्याने गोळा करून पिशव्यांत भरून घंटागाडीला दिले जातात. यावर ओळीने विचार केला तर वाटचाल भव्य वाटते: समुद्रापलीकडून जहाजाने नैसर्गिक वायू येतो, हाबर आणि बॉश या जर्मनांनी विसाव्या शतकाच्या आरंभी घालून दिलेल्या पद्धतीने हवेतले नत्र त्यातल्या हायड्रोजनशी बांधले जाते, अलिबागजवळ थळच्या कारखान्यात त्याचा युरिया होतो, सरकार त्यावर अनुदान देते, ट्रक घाट चढतो, अंगठा लागतो, माळी तो फोकतो, गवत त्याचे पान करते, आणि रविवारी सकाळी ते पान घंटागाडीत बसून कचरा डेपोकडे रवाना होते.

राहता राहिली उरलेली गोणी. हजार चौरस फुटांच्या लॉनला वर्षाला तीन-चार किलो युरिया लागतो, म्हणजे ४५ किलोची गोणी एका बंगल्याला अकरा ते पंधरा वर्षे पुरावी. युरिया हवेतली ओल शोषतो, म्हणून तो घट्ट झाकणाच्या डब्यात, फळीवर, जमिनीपासून उंच आणि मुलांपासून दूर ठेवावा. बहुतेक ठिकाणी तो पार्किंगमध्ये भिंतीला टेकवून ठेवलेला असतो. पहिल्या पावसाळ्यात तो घट्ट होतो, दुसऱ्यात त्याचा दगड होतो, आणि मग वॉचमन वाऱ्याने आपटणारे फाटक अडवायला तो वापरू लागतो. पावसाच्या सरींनी त्याचा एक-एक कोपरा विरघळत पेव्हर ब्लॉकच्या फटींत उतरतो. सोसायटीतली सर्वांत दाट, सर्वांत हिरवी हराळी तिथेच असते, आणि ती उपटण्यासाठी माळ्याला वेगळे पैसे दिले जातात.